वसंत, मार्गे भायखळा

भारतीय ऋतुगणनेत चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने मानले जातात, आणि कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मापासून निघालेले ऋतुचक्र सहाव्या सर्गात वसंतापाशी येऊन थांबते, मुंबई महानगराने मात्र हा शेवटचा सर्ग बव्हंशी गाळलेला असून, संक्रांतीच्या सुमारास कपाटातून बाहेर आलेला स्वेटर अंगाला न लागताच डांबराच्या गोळ्यांसह परत आत जातो, तोच येथे ग्रीष्माचा प्रारंभ समजतात. या दोन घटनांच्या दरम्यान जे मोजके रविवार हाती लागतात, त्यांना प्रस्तुत विवेचनात ‘नागरी वसंत’ असे म्हटले आहे. अन्यत्र वसंत दारी येतो. मुंबईत आपणच उठून त्याच्याकडे जावे लागते, आणि निघण्यापूर्वी मेगाब्लॉक कोणत्या मार्गावर आहे हे पाहून घ्यावे लागते.

मेगाब्लॉक म्हणजे रूळ, सिग्नल आणि ओव्हरहेड वायर यांच्या देखभालीसाठी रेल्वेने रविवारी काही तास एखादा मार्ग वाहतुकीस बंद ठेवणे. या काळात धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या जातात, त्यामुळे त्या काही स्थानकांवर थांबत नाहीत, आणि एरवी जलद गाडीने जाण्याची हौस असलेल्या प्रवाशाला ती हौस नको त्या दिवशी फेडून मिळते. कुटुंबाला मोकळा मिळणारा आठवड्यातील एकमेव दिवस आणि रुळांना मोकळा मिळणारा एकमेव दिवस एकच असल्यामुळे मुंबईच्या सहलीला जे नाट्य प्राप्त होते, ते थंड हवेच्या ठिकाणी गेलेल्यांच्या वाट्याला येत नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे डोंबिवलीचे एक काल्पनिक कुटुंब प्रातिनिधिक मानले आहे. डोंबिवली मुंबईत मोडत नाही हे खरे. परंतु मुंबई वेळेवर सुरू व्हावी म्हणून डोंबिवलीला आधी उठावे लागते, तेव्हा मुंबईच्या वसंतावर तिचा हक्क पोहोचतो. या कुटुंबात आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी, आजी, सुट्टीला आलेला भाचा आणि आत्या अशी सात माणसे आहेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियम, २०१३ प्रमाणे शिधापत्रिकेवर घरातील ज्येष्ठ स्त्री ही कुटुंबप्रमुख धरली जाते, आणि सहलीच्या दिवशी हा कायदा शिधापत्रिका नसलेल्या घरांतही आपोआप लागू होतो. वडिलांकडे केवळ ‘सहलप्रमुख’ हे पद राहते, ज्यात तिकिटे काढणे, जड पिशवी धरणे आणि उशीर झाल्यास त्याचे कारण होणे एवढ्या तीन कर्तव्यांचा समावेश होतो.

स्थळनिश्चिती ही या प्रवासाची पहिली पायरी होय. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव निघताच आत्या वनराणी या छोट्या गाडीचे गुणगान करते, पण बिबट्याच्या कल्पनेने आजी ते फेटाळते. घारापुरीला लाँचमधून जावे तर भाच्याला गाडी लागते आणि बोटही लागत असणार असा घरचा कयास असतो. अखेर सर्वांना पाठ असलेल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेवर एकमत होते. सहलप्रमुख रविवारची गर्दी टाळण्यासाठी बुधवारी येणाऱ्या सुट्टीचा पर्याय मांडतात, तेव्हा बाग बुधवारी बंद असते असे त्यांना ऐकवले जाते. वास्तविक बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर उद्यान उघडे ठेवून गुरुवारी बंद ठेवण्याचा महापालिकेचा प्रघात आहे, आणि तो सहलप्रमुखांना ठाऊकही असतो. परंतु बरोबर असणे आणि ते सिद्ध करणे यांतील अंतर पंधरा वर्षांच्या संसारात त्यांच्या चांगलेच परिचयाचे झालेले असते.

डोंबिवलीहून मुंबईच्या दिशेने जाणारे कुटुंब प्रथम विरुद्ध दिशेला कल्याणला जाते. या विधीला ‘रिटर्न करणे’ असे म्हणतात, आणि पुढे जाण्यासाठी आधी मागे जावे लागते हे तत्त्व तत्त्वज्ञानात बरेच उशिरा समजत असले तरी डोंबिवलीकरास ते नोकरीच्या पहिल्या आठवड्यात समजते. या उलट्या प्रवासाचेही तिकीट असावे लागते, ही गोष्ट कुटुंबातील एकट्या आत्याला महत्त्वाची वाटते, म्हणून सातही तिकिटे कल्याणहून काढली जातात. बसायला जागा मिळाली की पुढचा प्रश्न खिडकीचा. ती वाऱ्यासाठी आजीला, दृश्यासाठी मुलीला आणि उलटीसाठी भाच्याला हवी असते, आणि या तीन कारणांपैकी तिसऱ्यापुढे सर्व सहप्रवासीही माघार घेतात. सहलप्रमुखांच्या वाट्याला चौथी सीट येते. चौथी सीट म्हणजे तीन जणांसाठी घातलेल्या बाकाच्या कडेला, पहिल्या तिघांच्या सौजन्यावर आणि स्वतःच्या मांडीच्या बळावर, अर्धे टेकण्याचा परंपरागत हक्क.

शिदोरी भायखळ्याला पोहोचल्यावर सोडायची असे घरून ठरलेले असते. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दाण्याची चटणी आणि चिवडा यांचा वास डब्याच्या झाकणाला जुमानत नसल्याने मुंब्र्याच्या आसपास ‘एकेक पुरी नुसती’ असा ठराव येतो आणि ठाणे लागेपर्यंत डबा धुण्याच्या अवस्थेस पोहोचतो. घाटकोपरच्या पुढे मेगाब्लॉकमुळे गाडी अर्धा तास उभी राहते, तेव्हा केवळ चिवडा शिल्लक असतो, आणि तो समोरच्या बाकावरील अनोळखी काकूंच्या नातवापर्यंत पोहोचल्यामुळे त्या काकूंचे माहेर आजीच्या गावाशेजारचेच निघते. ही माहिती बारा डब्यांच्या गाडीत कोणत्याही बाकावर निघू शकते.

घाटकोपरच्या अलीकडे, म्हणजे विक्रोळीच्या बाजूला, पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलणारी गुलाबी झाडे हा मुंबईच्या वसंताचा सर्वांत गाजलेला पुरावा होय. टॅबेबुया नावाचे हे झाड मूळचे मध्य व दक्षिण अमेरिकेकडचे असून, त्याच्याखाली मोटारी थांबवून छायाचित्रे काढणाऱ्यांची संख्या आपल्या पळसाला आणि पांगाऱ्याला कधी लाभलेली नाही. लोकलमधून ही झाडे दिसत नाहीत. ती दिसावीत म्हणून आत्या घाटकोपरपर्यंत उभी राहते.

भायखळा स्थानकाची जुनी दगडी वास्तू पाहण्यासारखी असून तिच्या जीर्णोद्धाराला २०२२ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. कुटुंबाला मात्र ती दिसत नाही, कारण उतरल्याबरोबर माणसे मोजण्याचे काम सुरू होते आणि गणती सहाच भरते. “अहो, वन्सं कुठे राहिल्या?” या प्रश्नाने फलाट दुमदुमल्यावर मोजणारे सहलप्रमुख स्वतःला मोजायचे विसरले आहेत हे मुलीच्या ध्यानात येते.

ज्या बागेकडे हा काफिला निघतो, ती १८६२ साली व्हिक्टोरिया गार्डन या नावाने खुली झाली आणि १९६९ पासून तिचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. २०१७ साली ठरलेल्या तिच्या दरपत्रकात मोठ्या माणसास ५० रुपये, तीन ते पंधरा वर्षांच्या मुलास २५ रुपये आणि आई-वडील व पंधरा वर्षांपर्यंतची दोन मुले मिळून होणाऱ्या कुटुंबास १०० रुपये अशी रचना करण्यात आली. समाजशास्त्राच्या दृष्टीने हे दरपत्रक मोलाचे आहे, कारण कुटुंब म्हणजे नेमके कोण, या प्रश्नाचे इतके स्वस्त उत्तर अन्यत्र सापडत नाही. चौघांचे कुटुंब खिडकीतून आत जाते. आजी, आत्या आणि भाचा व्याख्येबाहेर उरतात. “म्हणजे मी कुटुंबात नाही?” असे आजी अगदी सौम्य स्वरात विचारते, आणि त्यानंतरची काही मिनिटे सहलप्रमुख महापालिकेच्या वतीने स्वतःच्या आईची क्षमा मागण्यात घालवतात, तर मागे रांगेतील प्रत्येक घर आपापल्या आजीकडे न बघण्याची काळजी घेते.

राणीच्या बागेचे खरे वैशिष्ट्य फारसे लक्षात घेतले जात नाही: येथे वास्तव्य करणाऱ्यांपैकी बहुतेक जण दुसरीकडेच जायला निघालेले किंवा दुसरीकडेच असलेले होते. बागेलगतच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर, म्हणजे १८७२ साली लोकांस खुल्या झालेल्या मुंबईच्या सर्वांत जुन्या संग्रहालयाबाहेर, जो काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे, तो मूळचा घारापुरीचा. ज्याला पाहून पोर्तुगीजांनी त्या बेटास एलिफंटा हे नाव दिले, तोच हा हत्ती. १८६४ मध्ये त्याला जहाजातून इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली, हत्तीचे तुकडे झाले, आणि लंडनला निघालेला तो प्रवासी भायखळ्याला येऊन १९१४ साली पुन्हा जोडला गेला. सामान जास्त असल्यावर परदेशप्रवासाचे काय होते याचा इतका भक्कम दाखला विमानतळावर लावावयास हरकत नाही.

काळ्या घोड्याची कथा अशीच. एडवर्ड सातवा युवराज असताना १८७५-७६ मध्ये मुंबईस येऊन गेला, त्याच्या स्मरणार्थ आल्बर्ट ससून यांनी दिलेला अश्वारूढ पुतळा फोर्टमध्ये उभा राहिला आणि स्वाराचे नाव विसरून लोकांनी त्या भागाला घोड्याचे नाव दिले. १९६५ साली साहेबांचे पुतळे चौकांतून हलवले गेले, तेव्हा हाही स्वारासह भायखळ्यास आला. पेंग्विनांचे तर विचारूच नये: हम्बोल्ट जातीचे हे पक्षी मूळ पेरू व चिलीच्या किनाऱ्याचे, त्यांतील आठ २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोल येथून मुंबईत आणले गेले, आणि मार्च २०१७ पासून लोकांना पाहता येऊ लागले. आफ्रिकेतून आलेला, गोरखचिंच म्हणून ओळखला जाणारा जाड बुंध्याचा वृक्षही याच आवारात आहे. या मंडळींत भायखळ्यालाच जायचे असे ठरवून, तिकीट काढून आलेले एकमेव प्राणी म्हणजे डोंबिवलीकर.

पेंग्विनांच्या काचेसमोर घडणारा व्यवहार थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. आतले तापमान सुमारे १६ ते १८ अंश राखले जाते आणि बाहेर माघ सरता सरताच पारा तिशीपुढे गेलेला असतो, त्यामुळे काचेला प्रथम हात, मग कपाळ आणि शेवटी गाल टेकला जातो. ‘काचेला हात लावू नका’ ही सूचना देणारा रक्षक शिट्टी वाजवतो, तेव्हा हात निघतो, गाल राहतो. सुरुवातीच्या पेंग्विनांना डोनाल्ड, डेझी, पॉपाय अशी नावे दिली गेली होती. त्यांतला डोनाल्ड कोणता, हे भाचा आत्मविश्वासाने दाखवतो, मुलगा दुसराच दाखवतो, आणि दोघांचे हमरीतुमरीवर आलेले भांडण ऐकून आजी म्हणते, “अरे, सगळे एकाच कापडातले शर्ट घातलेल्या वऱ्हाडासारखे दिसतायत, ओळखायचे कसे?” तेवढ्यात काचेआडचा एक पक्षी सहलप्रमुखांसमोर येऊन, दोन्ही हात अंगालगत सोडून, पोट किंचित पुढे काढून स्तब्ध उभा राहतो. सहलप्रमुखही नेमके त्याच पवित्र्यात उभे असतात. आई काहीही न बोलता मोबाइल काढते. ते छायाचित्र संध्याकाळपर्यंत सासर-माहेरच्या दोन्ही व्हॉट्सॲप गटांवर पोहोचते, आणि त्याखालील शेरे सहलप्रमुख उघडत नाहीत.

वाघ झोपलेला असतो, याहून वाघाविषयी अधिक सांगण्यासारखे नाही. संग्रहालयात आत्या एकटीच जाते.

सार्वजनिक उत्सवांकडे वळल्यास, काळा घोडा कला महोत्सव हा नागरी वसंताचा अधिक उच्चभ्रू आविष्कार म्हणता येईल. १९९९ पासून भरणारा, आणि साधारणतः फेब्रुवारीत नऊ दिवस चालणारा हा महोत्सव घोडा नसलेल्या जागी घोड्याच्या नावाने कितीतरी वर्षे भरत राहिला. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा बसवला, तोही स्वाराविना, हे एका परीने लोकमताशी सुसंगतच झाले. येथील मांडणीशिल्पे, म्हणजे टाकाऊ वस्तूंपासून काहीतरी सांगण्यासाठी उभारलेल्या कलाकृती, पाहताना कुटुंबाची पंचाईत अशी होते की, कलाकृती कोणती आणि महापालिकेने ठेवलेली कचरापेटी कोणती हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. आजीने एकीवर पिशवी टेकवून विसावा घेतला असता दोन तरुणांनी तिचे अतिशय आदराने छायाचित्र घेतले.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे गुढीपाडव्याला, मात्र प्रवासाची गरज उरू नये. नववर्षाच्या स्वागतयात्रा किंवा शोभायात्रा, म्हणजे ढोल-ताशा, लेझीम, चित्ररथ आणि पारंपरिक वेषातील माणसे यांची सकाळची मिरवणूक, १९९९ साली डोंबिवलीतच श्री गणेश मंदिर संस्थानाने सुरू केल्या आणि तेथून त्या राज्यभर पसरल्या. फडके रोड घरापासून चालत दहा मिनिटांवर. तरीही आत्या गिरगावच्या चाळीत वाढलेली असल्याने, नऊवारी नेसून, फेटा बांधून आणि गॉगल लावून बुलेटवर येणाऱ्या तेथील बायका पाहिल्याशिवाय पाडवा लागल्यासारखा वाटत नाही असे ती म्हणते. परिणामी गुढी उभारून, कडुनिंब-गूळ तोंडात टाकून, श्रीखंड फ्रिजमध्ये ठेवून सातही जण पहाटेच्या गाडीने निघतात. त्याच वेळी गिरगावात अजून टिकून असलेले काका, खरी यात्रा डोंबिवलीची असे कुणीतरी सांगितल्यामुळे, घराला कुलूप लावून सहकुटुंब डोंबिवलीकडे निघालेले असतात.

गिरगावची शोभायात्रा फडके गणपती मंदिरापासून निघते. सव्वाआठला ढोलांच्या गजरात आत्याचा मोबाइल वाजतो.

“कुठे आहात तुम्ही?” काका ओरडतात.

“फडक्यांपाशी!” आत्या ओरडते. “तुम्ही कुठे?”

“आम्हीपण फडके रोडलाच! दिसत कसे नाही तुम्ही?”

दोन्हीकडून हात वर करून हलवण्याचा प्रयोग होतो, आत्या मुलाच्या खांद्यावरचा भगवा झेंडा घेऊन तो उंच धरते, आणि काकांना डोंबिवलीत शेकडो झेंडे दिसतात. गणेश मंदिराच्या पायऱ्या ओळखीच्या वाटत नाहीत, हे प्रथम काकूंच्या लक्षात येते. त्यानंतर झालेल्या संभाषणात दोन्ही कुटुंबे एकमेकांना “तुम्ही तिथेच थांबा, आम्ही येतो,” असे निक्षून सांगतात, आणि दोन्ही पक्ष या वाक्याचा उत्तरार्ध काटेकोरपणे पाळतात.