खड्ड्यातून खड्ड्यात

नोर्डलिंगेन, रविवार

ती. आबा आणि ती. सौ. माय यांस,
सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. तुमच्या सूनबाईचा खोकला गेला, पोट्ट्याचं शाळेतलं रडणं तिसऱ्या दिवशी आटोपलं. माझ्या पीएच.डी.चं म्हणाल तर ती आहे तिथंच आहे, फक्त आता जर्मनीत आहे.

आधी वाईट बातमी. माय, तुझं तूप गेलं. युरोपात बाहेरून येताना दुधाचे आणि मटणाचे पदार्थ आणता येत नाहीत, हे मला विमानतळावरच्या साहेबानं भिंतीवरची पाटी दाखवून सांगितलं. चार महिन्यांची साय त्यानं दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. दगडांची मात्र काही अडचण आली नाही. लोणारचे अकरा दगड आणि त्यांच्या परवानग्यांची, दगडांहून जड झालेली फाईल मी छातीशी धरून उभा होतो. त्यानं फाईल उघडलीसुद्धा नाही. अडला कुठं, तर दोन पिशव्यांपाशी. एकीत कुटलेला बेसॉल्ट आणि दुसरीत तुझा काळा मसाला, रंग एकच. तुझ्या पिशवीवर तू पेनानं ‘काया मसाला’ लिहिलं होतंस, माझ्या पिशवीवर नुसता नंबर. त्यानं नेमकी तुझी उघडून हुंगली. चार शिंका लागोपाठ आल्या. मग डोळे पुसत त्यानं दोन्ही पिशव्या परत दिल्या आणि मला जा म्हणाला.

आबा, निघताना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलं होतं, “खड्डा पाहाले जर्मनीले कायले जा लागते? आपल्या घराच्या मांगंच तर हाय.” तेव्हा गाडीची घाई होती. आता सविस्तर सांगतो.

आपलं लोणार बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात झालेलं आहे. मंगळावरही बहुतेक तोच पाषाण. म्हणून जगाला आपल्या खड्ड्याचं कौतुक. इथला रीस नावाचा खड्डा वेगळ्या खडकांत झाला, वर चुनखडीसारखे थर आणि खाली ग्रॅनाइटसारखे. वरून उल्का एकाच तऱ्हेनं आदळते, पण मार खाणारा प्रत्येक खडक वेगळा विव्हळतो. ते विव्हळणं ताडून बघायला सहा महिन्यांची शिष्यवृत्ती मिळाली आहे.

आता आकार. आपला पावणेदोन किलोमीटरचा, हा चोवीसेक किलोमीटरचा. म्हणजे लोणारहून निघालात तर थेट मेहकरपर्यंत एकच खड्डा. (फोनवर हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, “मंग त्यात नवल काय?”) गंमत अशी, की इतका मोठा असून तो दिसत नाही. आपल्याकडे काठावर उभं राहिलं की खाली सरोवर दिसतं आणि पोटात गोळा येतो. इथं लोक खड्ड्यातच घरं बांधून राहतात, शेती करतात, बिअर पितात. खड्डा पाहायचा तर गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर साडेतीनशे पायऱ्या चढून जावं लागतं. मी चढलो. वरून चहूकडे लांबवर डोंगराची कड दिसली. पोट्टा म्हणाला, “पाणी कुठं हाय?”

ते चर्चही त्या आघातात तयार झालेल्या दगडाचंच बांधलेलं आहे. सुएव्हाइट म्हणतात त्याला. लोक शेकडो वर्षं त्यात प्रार्थना करत होते आणि हा ज्वालामुखीचा दगड म्हणून समजत होते. १९६० साली युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या दोघांना त्यात कोएसाइट नावाचं खनिज सापडलं. ते फार मोठ्या दाबाखालीच तयार होतं, तेव्हा ही उल्केची करणी ठरली. १९७० साली अपोलोचे अंतराळवीरही चंद्रावरचे दगड ओळखायची शिकवणी घ्यायला इथं येऊन गेले. आपलं लोणार उल्केचं आहे हे पुराव्यानिशी छापून आलं ते १९७३ साली. तोवर आपलं लवणासुराच्या कथेवर भागत होतं.

वयाचं मात्र आपलं अजून जमेना. एका पद्धतीनं मोजलं तर लोणार ५२ हजार वर्षांचं, दुसरीनं मोजलं तर ५ लाख ७० हजारांचं. इथल्या बाईंनी, म्हणजे माझ्या इथल्या गाईडनी, विचारलं, एवढा फरक कसा? मी म्हणालो, आमच्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून आहे, शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली. खड्ड्याचंही तसंच झालं असेल. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आता काळजी वाटते.

काम सांगतो. दगडाचा काप काढून काचेवर चिकटवायचा आणि ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत घासायचा. मग त्यातून उजेड आरपार जातो. पहिला काप मी माय भांडी घासते तशा निष्ठेनं घासला. काचेवर दगडच उरला नाही. लोणारहून विमानानं आलेला पाषाण मोरीत गेला. दुसरा जमला. सूक्ष्मदर्शकाखाली चांगल्या बेसॉल्टमधलं फेल्डस्पार सतरंजीसारखं पट्टेरी दिसतं, फिरवलं की काळे पट्टे पांढरे होतात. मार खाल्लेलं फेल्डस्पार कसंही फिरवा, काळंच राहतं. न वितळता त्याची काच झालेली असते. ते पहिल्यांदा दिसलं त्या दिवशी मी जेवायचंच विसरलो. सूनबाईनं माझ्या वाटणीची भाकरी पोट्ट्याला दिली.

घरी सगळं बरं, फक्त रविवारी आवाज करायचा नाही. पहिल्याच रविवारी सूनबाईनं ठेचा कुटायला घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या, ओठांवर बोट ठेवून. तेव्हापासून ठेचा शनिवारी. आवाज करायची मुभा फक्त मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्याला. तो रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं वरून ओरडतो, “सो, ग्सेल, सो!” या हाकेमागची दंतकथा अशी, की १४४० साली फितुरांनी वेस उघडी ठेवली होती आणि एका डुकरिणीनं अंग घासल्यामुळं ते उघडकीस आलं. पोट्ट्याला ती हाक हिंदी वाटते. पहारेकरी रोज आपल्यालाच ‘सो, सो’ म्हणून झोपवतो, अशी त्याची खात्री आहे. पहिल्या हाकेला तो गुपचूप डोळे मिटतो. आम्ही त्याचा गैरसमज दूर केलेला नाही.

आबा, गोमुखाची धार कशी चालली आहे आणि सरोवराचं पाणी कमळजा देवीच्या देवळापासून किती लांब आहे, ते पावलं मोजून कळवा. बाईंनी विचारलं आहे. उतरताना काठी घ्या.

तुमचा,
मोठा

ता. क. माय, मसाला संपत आला. पाठवशील तर पिशवीवर ‘काया मसाला’च लिही. तूप पाठवू नको.