पहिल्या फेरीचा बळी

कोरियन मालिका लिहिणाऱ्यांचे शाळकरी मुलांशी काहीतरी जुने वैर असावे. २०२२ साली ‘ऑल ऑफ अस आर डेड’मध्ये त्यांनी भर शाळेत झॉम्बी सोडले. २०२३च्या ‘ड्यूटी आफ्टर स्कूल’मध्ये आकाशातून जांभळे गोळे आले आणि त्यांच्याशी लढायला सरकारने बारावीच्या वर्गाच्या हातात बंदुका दिल्या. वर सांगितले की, लढाल तर कॉलेज प्रवेशाला जादा गुण मिळतील. झॉम्बी मला फारसे पटले नव्हते. हे मात्र ऐकताक्षणी पटले.

त्या देशात नोव्हेंबरमधल्या प्रवेश परीक्षेत इंग्रजी श्रवणाचा भाग सुरू असताना विमानांची ये-जा थांबवतात. शेअर बाजार तासभर उशिरा उघडतो. उशीर झालेल्या परीक्षार्थीला पोलीस मोटारसायकलवर बसवून केंद्रावर नेऊन सोडतात. अशा पोरांना घाबरवायचे म्हणजे लेखकाला कष्ट हे पडणारच.

ते कष्ट डिसेंबर २०२३मध्ये आलेल्या ‘नाइट हॅज कम’च्या बारा भागांत पुरेपूर दिसतात. एक वर्ग शिबिराला जातो आणि मुलांच्या फोनवर ‘माफिया’ हा खेळ आपोआप सुरू होतो. तो खेळायचा की नाही, हे कोणी विचारत नाही. खेळ मूळचा मॉस्कोचा. १९८६मध्ये दिमित्री दाविदोव नावाच्या विद्यार्थ्याने काढलेला. कोरियात सहली-शिबिरांतून तो गादीवर मांडी ठोकून खेळतात. काही जण गुपचूप माफिया, बाकीचे साधे नागरिक. रात्री माफिया एकाला उडवतात, दिवसा सगळे मिळून मत देतात आणि संशयिताला बाद करतात. गादीवर बाद झालेला चिप्स खात बसतो. मालिकेत तो खरोखर मरतो.

मी हे भाचीबरोबर पाहत होते. माझे प्रश्न साधे होते. मुख्याध्यापक कुठे आहेत? एवढ्या मुलांच्या आयांपैकी एकीनेही ‘जेवलास का’ म्हणून फोन कसा केला नाही? भाचीने सांगितले, ‘मावशी, मोठी माणसं असली की गोष्टच होत नाही.’ खरे आहे. एक काकू तिथे असत्या तर पहिल्याच भागात सगळ्यांचे फोन जप्त झाले असते.

हळूहळू माझे माफियांवरून लक्ष उडाले, कारण खरी भीती मतदानाची वाटू लागली. पहिल्या दिवशी कोणालाच काही माहीत नसते, पण मत तर द्यायचे असते. मग पुरावे तयार होतात. गप्प बसला, म्हणजे काहीतरी लपवतोय. फार बोलला, म्हणजे दिशाभूल करतोय. रडली, तर नाटकी. रडली नाही, तर काळीजच नाही. मागच्या वर्षी कोणी कोणाला डब्यात घेतले नव्हते, त्याचाही निकाल इथेच लागतो. सगळे जाणणारे मूठभर आणि काहीच न जाणणारे ढीगभर यांची ही झुंज, आणि ढीगभरांचा आत्मविश्वास दांडगा! माफियाने करायचे एवढेच: ‘हो ना, मलाही तसंच वाटत होतं,’ म्हणायचे आणि हात वर करायचा.

पुढच्याच वर्षी, २०२४मध्ये आलेल्या ‘पिरॅमिड गेम’ने माफियाचाही खर्च वाचवला. तिथे वर्ग दर महिन्याला लोकप्रियतेसाठी मतदान करतो आणि तळाला राहणारीला छळायची सर्वांना रीतसर मुभा मिळते. लोकशाहीचा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा लवकर पाठ होतो.

‘मी असते तर किती टिकले असते?’ मी भाचीला विचारले.

‘तू? पहिल्या फेरीत आऊट. सारखे प्रश्न विचारतेस.’

‘मग प्रश्न नाही विचारणार. सगळ्यांशी गोड बोलेन. कोणाचंच नाव आपण होऊन घेणार नाही. बहुमत जिकडे, तिकडे मी.’

भाचीने मालिका थांबवली आणि माझ्याकडे निरखून पाहिले.

‘मावशी,’ ती म्हणाली, ‘मग तर तू नक्कीच माफिया.’