पुलंचा नवा लेख

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुलंचा आणखी एक नवा लेख आला. पुलं गेले १२ जून २००० ला, व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. पण त्यांच्या लेखणीला काही खंड नाही. हल्ली ते सुनांनी सासूशी कसं वागावं यावरही लिहितात आणि उद्गारचिन्हं सढळ हाताने वापरतात. हे मोठ्या काकांना सांगण्याची सोय नाही. ‘जरा वाचन वाढव’ असं उत्तर येतं, वर जोडलेले हात.

२०१८ साली कंपनीने भारतात चाप लावला: एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल. पाच म्हणजे माहेर, सासर, सोसायटी, भिशी आणि दहावीची बॅच. उरलं कोण?

उपयुक्त माहितीही भरपूर. मेथीच्या पाण्याने शुगर पळते, हे आत्या भल्या पहाटे कळवते आणि मग नाश्त्याआधीची गोळी घेते. ‘जन गण मन’ला युनेस्कोने जगात पहिलं ठरवल्याबद्दल दर ऑगस्टला अभिनंदन होतं, असं काही ठरवलेलं नाही, हे युनेस्कोने कधीच सांगून झालंय, पण युनेस्को आपल्या ग्रुपवर कुठे आहे?

या धबडग्यात मावशीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची बातमी आली आणि दोन ‘शुभ सकाळ’ आणि एका गुलाबाखाली गडप झाली. फोन कुणाचाच नाही. आठवड्याने मावशीनेच ‘चष्मा घालवा सात दिवसांत’ हा व्हिडिओ टाकला. त्याला मात्र सगळ्यांचे अंगठे आले.