ते आज दिसणार नाहीत

लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आमच्या हिने उखाणा सोडला तर माझं नाव कधी घेतलेलं नाही. मी समोर असलो तर 'अहो', नसलो तर 'ते'. या सवयीचा उपयोग अलास्कातल्या एका पर्वताला होईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

गेल्या जूनमध्ये सिएटलच्या मुलाने आम्हा दोघांना देनाली राष्ट्रीय उद्यानात धाडलं. तिथला पर्वत 6190 मीटर उंच, उत्तर अमेरिकेत त्याच्यावर कोणी नाही. एवढं धूड, पण सदा ढगांच्या पांघरुणात. येणाऱ्या दहांपैकी जेमतेम तिघांना त्याचं दर्शन घडतं म्हणतात. उरलेल्या सातांसाठी दुकानात त्याचं चित्र असलेले कप असतात. आमच्याकडे दोन आहेत.

उद्यानात रस्ता एकच, 148 किलोमीटरचा. पहिले चोवीसेक किलोमीटर संपले की स्वतःची गाडी सोडून बसमध्ये बसायचं. त्यातही 2021 साली रस्त्याच्या पोटातली गोठलेली माती वितळून दरड सरकली, त्यामुळे आमची बस त्रेचाळिसाव्या मैलावरूनच मागे फिरली. जनावर दिसलं की प्रवाशांनी ओरडायचं आणि ड्रायव्हरने थांबायचं, अशी तिथली पद्धत. हिला ती एसटीमुळे अंगवळणी आहेच. "ओ, थांबवा!" असं ही खणखणीत मराठीत ओरडली आणि बस थांबली. नदीच्या पात्रात कॅरिबू उभं होतं. मग मीही एक अस्वल दाखवलं. सगळ्यांनी दुर्बिणी लावल्या. तो खडक होता. त्यानंतर वरच्या उतारावर बर्फाचे ठिपके दिसले, तेव्हा मी गप्पच राहिलो. ते ठिपके चालायला लागले. डॉल जातीची पांढरी मेंढरं होती ती.

पर्वताच्या नावाची तऱ्हाच आहे. तिथले कोयुकॉन लोक पूर्वापार त्याला देनाली म्हणतात, म्हणजे 'उंच असलेला'. 1896 मध्ये सोनं शोधायला आलेल्या एकाने त्याला मॅकिन्ली केलं. ते मॅकिन्ली पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, पण अलास्कात कधी फिरकले नाहीत. सरकारने 2015 मध्ये पुन्हा देनाली केलं आणि 2025 मध्ये पुन्हा मॅकिन्ली. हे मी हिला पुस्तिकेतून वाचून दाखवलं.

"लग्नात तांदळाच्या ताटात तुम्ही माझं नाव बदललंत ना? आमची आई शेवटपर्यंत सुमीच म्हणायची."

मी पुस्तिका मिटली.

आपण काय म्हणायचं, हा प्रश्न हिने तिथल्या तिथे सोडवला. सकाळी खिडकीतून ढगांकडे बघून म्हणाली, "आज ते दिसणार नाहीत." मी दचकून स्वतःकडे पाहिलं.

हिची खरी पंचाईत झाली ती दिवेलागणीची. तिथे जूनमध्ये सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो आणि चारच्या सुमारास पुन्हा हजर. मधल्या वेळातही अंधार असा पडतच नाही. शुभंकरोती म्हणायची कधी? एकदा पहाटे साडेपाचला जाग आली, तर ही लखलखीत उन्हात हात जोडून बसलेली. "पुण्यात आत्ता सात वाजलेत संध्याकाळचे," एवढंच म्हणाली. हिशेब बिनचूक होता.

तीन दिवस ढग हलले नाहीत. चौथ्या दिवशी आम्ही अँकरेजला जाणाऱ्या रेल्वेत बसलो. जेवण झालं आणि बाहेरची स्प्रूसची झाडं बघता बघता माझा डोळा लागला. जागा झालो तेव्हा ही खिडकीला कपाळ टेकवून बसली होती. बाहेर सगळं पांढुरकं.

"ते आले होते," ही हळूच म्हणाली.

"मग मला उठवायचं नाही का?"

"हाक मारली की. दोनदा 'अहो' म्हटलं, तर तेच गेले."