घर माह्यं, कुलूप माह्यं

मार्चचा दुसरा आठवडा. दुपारचे अडीच. वाशिममधल्या एका गल्लीत एक बाई बंद दारासमोर पायरीवर बसली होती. कडीला नवं कोरं कुलूप, त्यावरचा किमतीचा कागद अजून तसाच. वर मीटरच्या पाटीवर फ्यूजची जागा रिकामी. शेजारी दहावीतली पोर, हातात पॅड आणि हॉल तिकीट. ती पेपर देऊन आली होती, आणि दुसऱ्या दिवशी विज्ञानाचा पेपर होता.

"भाऊ, पोरीचं पुस्तक आत राह्यलं ना. उद्या पेपर हाये तिचा. कोणाले सांगू?"

घरमालक समोरच्या ओट्यावर बसले होते. मी गेलो, बोललो. ते म्हणाले, "घर माह्यं. कुलूप माह्यं. तुमाले काय करायचं हाये?"

घर त्यांचं, हे कबूल. कुलूपही त्यांनीच विकत आणलेलं. पण त्या खोल्यांचा ताबा त्या बाईचा होता, आणि ताबा दुसऱ्याकडे असलेल्या दाराला कुलूप लावायचा अधिकार या देशात घरमालकाला नाही. रहिवासी बाहेर गेलेला असताना नाही, भाडं थकलेलं असताना नाही, करार संपून वर्ष झालं असलं तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९६८ मध्ये सांगितलं. १९८९ मध्ये मुंबईतल्या एका उपाहारगृहाच्या प्रकरणात पुन्हा सांगितलं, आणि तेव्हा तर म्हटलं की तिथे राहण्याचा हक्क उरलेला नसला तरी स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला कायद्याच्या मार्गानेच काढावं लागतं. मालकी वेगळी, ताबा वेगळा. आपल्याकडे शेताच्या धुऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणारी माणसं हा फरक सातबाऱ्यावर बरोबर ओळखतात. खोलीचं दार आलं की तोच फरक विसरतात.

बाईकडे चार महिन्यांचं भाडं थकलं होतं. ते तिनेच सांगितलं, लपवलं नाही. नवरा बाजार समितीत हमाली करतो आणि मधले काही आठवडे त्याला काम नव्हतं. मालकाचं म्हणणं, "मग मी काय फुकट ठेवू?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र कुलपात नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ मध्ये आहे.

हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडं थकलं तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर नव्वद दिवस थांबायचं. तेवढ्यातही पैसे आले नाहीत तर दिवाणी न्यायालयात दावा. दाव्याचं समन्स मिळाल्यावर भाडेकरूला आणखी नव्वद दिवस मिळतात. त्या मुदतीत त्याने सगळी थकबाकी, त्यावर वर्षाला पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च भरला, आणि पुढचं भाडं नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याला काढता येत नाही. हे पैसे भरलेच नाहीत तर हुकूमनामा होतो, मग दरखास्त लागते, आणि बेलिफ येऊन ताबा घेतो. घर रिकामं करणारा हात बेलिफाचा असतो. मालकाचा नाही, त्याच्या मेव्हण्याचा नाही, चौकातल्या चार पोरांचा तर नाहीच.

आणि तो फ्यूज. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासाची सफाई या सुविधा मालकाने तोडायच्या नाहीत, हे कलम २९ सांगतं. तोडल्या तर न्यायालय त्या पूर्ववत करायला लावतं, आणि गुन्हा सिद्ध झाला तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गल्लीतल्या एकालाही हे ठाऊक नव्हतं. "हे तर चालतेच," असं तीन जण म्हणाले.

चालतं, कारण कोणी अडवत नाही. अशी माणसं तक्रार घेऊन गेली की "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा" एवढं ऐकून परत येतात. ज्याच्या खिशात ऑटोचे पैसे नाहीत त्याने कोर्टात कसं जायचं? यालाही उत्तर आहे, आणि ते प्रत्येक वॉर्डात ओरडून सांगायला हवं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही मिळतो. न्यायालयाच्या आवारात विधी सेवेचं कार्यालय असतं. तिथे अर्ज करायचा.

आता दुसऱ्या बाजूचं, कारण मी फक्त भाडेकरूंची वकिली करायला बसलेलो नाही.

रिसोडकडे माझ्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. भविष्यनिर्वाह निधीच्या पैशातून त्यांनी घरावर दोन खोल्या चढवल्या. भाडेकरूने चौदा महिने एक रुपया दिलेला नाही, आणि वर "जाऊन दाखवा कोर्टात" म्हणतो. बाईंनी मला त्यांची वही दाखवली. प्रत्येक महिन्यासमोर 'मिळाले' लिहिलेलं, मग सलग चौदा ओळी कोऱ्या. पावती एकही नाही, करारनामा नाही. का नाही? तर म्हणाल्या, "लिहून दिलं की घर जाते, असं आमचे बाबा सांगायचे."

बाबांची भीती खोटी नव्हती. आपल्या वऱ्हाडात १९४९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश लागू होता. त्यात मालकाने आधी भाडे नियंत्रकाची परवानगी मिळवायची, मग नोटीस द्यायची, मग दिवाणी दावा लावायचा. एका घरासाठी दोन-दोन लढाया. पैनगंगा ओलांडून हिंगोलीला गेलं की हैदराबादचा १९५४ चा कायदा, मुंबई-पुण्याकडे १९४७ चा मुंबई कायदा. एका राज्यात तीन कायदे. त्यातल्या मुंबई कायद्याने तर भाडी जुन्या आकड्यावर गोठवून ठेवली होती, आणि ही गोठवण आता अवाजवी झाली आहे असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये स्पष्ट सांगितलं. मग तिन्ही कायदे जाऊन १९९९ चा एकच आला. आता परवानगीची पहिली पायरी नाही, थेट दावा लावता येतो, आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ कायद्यानेच दिलेली आहे. बाबा गेले, कायदा बदलला, भीती तेवढी घरात राहिली.

त्या भीतीची किंमत पाहा. कलम ५५ म्हणतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद न केल्याने शिक्षिका बाईंनी स्वतःची बाजू स्वतःच बुडवली. 'अकरा महिन्यांचा नोटरी करार केला की झालं' हा तर आपल्याकडचा सगळ्यात पक्का गैरसमज. अकरा महिन्यांची पळवाट जुन्या नोंदणी कायद्यातली आहे, कलम ५५ पुढे ती टिकत नाही.

खर्च किती? महिना चार हजारांनी अकरा महिन्यांचं भाडं चव्वेचाळीस हजार. लिव्ह अँड लायसन्सचं मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे एकशे दहा रुपये, अनामत असेल तर थोडं वाढेल, वर नोंदणीची फी. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइनही होते. आणि हा कागद असला की राहण्यासाठी दिलेल्या जागेची मुदत संपल्यावर मालकाला साध्या दाव्यासारखं वर्षानुवर्षं तारखा मोजत बसावं लागत नाही. कलम २४ नुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर जागा अडवणाऱ्याकडून ठरलेल्या फीच्या दुप्पट भरपाई मिळते. शिक्षिका बाईंना हे चौदा महिन्यांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर!

'मुलाच्या लग्नासाठी खोली लागते' हे कारणही न्यायालय ऐकतं. गरज खरी आहे का ते बघतं, घर सोडल्याने कोणाची अडचण जास्त होते तेही तोलतं. पण स्वतःसाठी म्हणून ताबा घेतला आणि वर्षाच्या आत दुसऱ्याला भाड्याने दिलं, तर जुना भाडेकरू परत येऊ शकतो. ही तरतूद फार थोड्यांना माहीत आहे.

आपल्या गावांत हे व्यवहार अजून तोंडावर चालतात. ओळखीवर घर दिलं, ओळखीवर घेतलं, भाडं हातात दिलं, पावती मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. या संकोचाचा मला मनापासून राग येतो. सोयाबीनचं एक पोतं विकलं तरी आपण काटापट्टी मागतो. बारा महिने डोक्यावर छप्पर घेताना पावती मागायला लाज का वाटावी? पावती देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. ती मागा. मालकांनो, न मागता द्या.

आणि तोपर्यंत कुणी कुलूप ठोकलंच, तर? विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३, कलम ६. कायद्याचा मार्ग सोडून, संमतीशिवाय बाहेर काढलेल्या माणसाने सहा महिन्यांच्या आत दावा लावला तर त्याला ताबा परत मिळू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हे पाहतच नाहीत. ताबा होता का आणि तो बेकायदा हिसकावला का, एवढंच पाहतात. सहा महिने मात्र सहाच. एक दिवस उशीर झाला की हा सोपा रस्ता बंद.

त्या दिवशी संध्याकाळी मालकांनी पाच मिनिटांसाठी कुलूप काढलं. पोरीने अंधारात मोबाईलच्या उजेडात पुस्तक आणि दोन वह्या शोधल्या. आईने सिलिंडर मागितला, तो "उद्या" म्हणून राहिला. बिऱ्हाड त्या रात्री वाशिमजवळच्या मालेगावला बाईच्या भावाकडे गेलं आणि तिथेच आहे. पोरीने उरलेले पेपर तिथून येऊन-जाऊन दिले, एसटीने.

आता पोळा तोंडावर आलाय आणि सहा महिने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. पावती नाही, पण गॅसचं पुस्तक आहे, शाळेच्या दाखल्यावर त्या घराचा पत्ता आहे, आणि कुलूप लावलेल्या दाराचा मी काढलेला फोटो आहे, तारखेसकट. बाई काल फोनवर म्हणाली, "भाऊ, कोर्टात बोलता येईल का मले?" येत्या मंगळवारी विधी सेवेच्या कार्यालयात अर्ज द्यायचा आहे. मी सोबत जाणार आहे.