लस चालते, दाखला चालत नाही

आमच्या शेजारच्या काकांनी कोव्हॅक्सिन घेतली होती आणि काकूंनी कोविशील्ड. २०२१ च्या त्या कोविडच्या दिवसांत ज्या केंद्रावर जी मिळेल ती घ्यायची, एवढंच होतं. पहाटेपासून रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला लस निवडायला कोण देतंय? पुढे ऑक्टोबरात ब्रिटनमधल्या लीड्सला त्यांच्या लेकीचं बाळंतपण आलं आणि कळलं, की दंडात काय गेलंय यापेक्षा ते कोणत्या देशाच्या कागदावर लिहिलंय याला जास्त किंमत आहे.

मला याचा तेव्हा राग आला होता. आजही येतो.

१७ सप्टेंबर २०२१ ला ब्रिटनने प्रवासाचे नवे नियम जाहीर केले, ४ ऑक्टोबरपासून लागू होणारे. ॲस्ट्राझेनेकाची लस मान्य, पण ती ब्रिटन, युरोप, अमेरिका किंवा यादीतल्या मोजक्या देशांत टोचलेली हवी. यादीत भारत नव्हता. म्हणजे पुण्यात दोन्ही डोस घेतलेल्या काकू तिथे बिनलशीच्या. निघण्याआधी चाचणी, पोचल्यावर दुसऱ्या आणि आठव्या दिवशी चाचणी, शिवाय दहा दिवस विलगीकरण. नंतरच्या दोन चाचण्यांचा तिथला सरकारी दर १३६ पौंड, तोही इथूनच आधी भरायचा. बुकिंगचा नंबर टाकल्याशिवाय प्रवासाचा फॉर्म पुढे सरकत नसे. पैशाचं एक वेळ सोडा. दोन खोल्यांच्या घरात बाळंतीण एका खोलीत आणि तिची आई दुसऱ्या खोलीत दार लावून दहा दिवस, हे कुणाच्या भल्याचं होतं?

कोविशील्ड आणि ॲस्ट्राझेनेका ही एकच लस. त्याच कंपनीच्या परवान्याने ती हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. त्याच सीरमकडून मार्च २०२१ मध्ये ब्रिटनने ५० लाख डोस नेले आणि आपल्या माणसांना दिले. ते डोस घेतलेला इंग्रज लसवंत. इथे तोच डोस घेतलेली काकू मात्र नाही. आणि हा काटा ब्रिटनला आधी स्वतःला रुतला होता. जुलैमध्ये माल्टाला निघालेल्या एका ब्रिटिश जोडप्याला मँचेस्टरच्या विमानतळावर विमानात बसू दिलं नाही, कारण त्यांचे डोस भारतात बनलेले होते. तेव्हा केवढा गहजब झाला, आणि काही दिवसांत माल्टाने नियम बदललाही. ज्यांनी हे जुलैत सोसलं त्यांनीच सप्टेंबरात दुसऱ्यांना तसंच वागवावं, हे मला अजूनही अक्षम्य वाटतं.

ओरड झाल्यावर २२ सप्टेंबरला ब्रिटनने कोविशील्डचं नाव यादीत घातलं. भारताचं नाही घातलं. लस चालेल, दाखला चालणार नाही! इथे थोडा दोष आपलाही होता, आणि तो झाकून उपयोग नाही. कोविन या सरकारी लसनोंदणी संकेतस्थळाच्या दाखल्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, जन्मवर्षावरून काढलेलं वय होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात जन्मतारीख लागते. परदेशी जाणारे विद्यार्थी, नोकरदार आणि टोकियो ऑलिम्पिकचे खेळाडू यांना ८४ दिवसांऐवजी २८ दिवसांनी कोविशील्डचा दुसरा डोस द्यायची मुभा आपल्या सरकारने जूनमध्येच दिली होती. दाखल्यावर पासपोर्टचा नंबर घालायचीही सोय केली. मग त्याच वेळी जन्मतारखेची एक ओळ घालायला काय हरकत होती?

त्याऐवजी आपण ४ ऑक्टोबरपासून उलट नियम लावला. येणाऱ्या प्रत्येक ब्रिटिश नागरिकाला, लस घेतलेली असो वा नसो, निघण्याआधी ७२ तासांतली आरटी-पीसीआर, उतरल्यावर दुसरी, आठव्या दिवशी तिसरी आणि दहा दिवस विलगीकरण. याला ‘जशास तसं’ म्हणून टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. त्या विमानांतून आजारी वडिलांना भेटायला निघालेली, ब्रिटिश पासपोर्टवरची आपलीच मुलं येत होती. ११ ऑक्टोबरला ब्रिटनने कोविशील्डवाल्या भारतीयांचं विलगीकरण उठवलं, १३ ला आपण आपला नियम मागे घेतला. त्या आठवड्यात विषाणू बदलला नव्हता, लसही नाही.

आफ्रिकेत जाऊन आलेल्यांच्या पासपोर्टमध्ये पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड असतं. मजकूर सगळीकडे एकच, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत ठरवून दिलेला. लस संघटनेने मान्य केलेली हवी, केंद्र नेमलेलं हवं. टोचल्यापासून दहाव्या दिवशी कार्ड लागू होतं आणि २०१६ पासून जन्मभर चालतं. म्हणजे सगळीकडे एकच दाखला मानणं जगाला जमतं, पूर्वीच जमलेलं आहे. कोविडच्या वेळी मात्र प्रत्येक देशाने आपली वेगळी यादी आणि वेगळा फॉर्म काढला, आणि त्या सगळ्यांमधून वाट काढायचं काम साठी उलटलेल्या माणसांवर मोबाइल हातात देऊन सोडलं. पुढच्या साथीसाठी असं एकच कार्ड आत्ता, शांततेच्या काळात ठरवा. विमानं रिकामी उभी राहिल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही.

काकू १२ ऑक्टोबरला निघाल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या विमानात बसल्या. काकांना थांबावं लागलं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबरला मिळाली आणि ब्रिटनने ती २२ नोव्हेंबरपासून धरली. लस टोचताना परदेशी जायचंय का, असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते २३ तारखेला निघाले. बारसं केव्हाच होऊन गेलं होतं.