उजेडाची काटकसर

पुण्यातल्या कित्येक बंगल्यांत गाडी रस्त्यावर झोपते आणि गॅरेजात मालकांचं वर्कशॉप नांदतं. ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ घेताना हात सढळ असतो. दिव्याची पाळी आली की मात्र अंगात काटकसर संचारते. मग न्हाणीघरातून निवृत्त झालेला नऊ वॅटचा बल्ब छताच्या मधोमध लटकतो. मालक भिंतीलगतच्या टेबलाकडे तोंड करून उभे; उजेड पाठीवर, सावली नेमकी खिळ्यावर. अंगठा काळानिळा होतो, तो हातोडीच्या खात्यावर जमा.

वीस वॅटची चार फुटी एलईडी पट्टी साधारण दोन हजार ल्युमेन उजेड देते, म्हणजे त्या बल्बच्या दुपटीहून जास्त. अशा दोन पट्ट्या थेट टेबलावर लावल्या की सावलीचं भांडण बरंचसं मिटतं. पण ल्युमेन वाचायला खोकं उलटवावं लागतं, आणि दुकानात वॅटच विचारायचे ही आपली घराण्याची रीत!

काहीजण माळ्यावरची जुनी चोकवाली ट्यूब खाली काढतात; फुकट ती फुकटच. ती सेकंदाला शंभरदा लुकलुकते आणि तिच्या उजेडात फिरतं पातं कधीकधी चक्क थांबलेलं दिसतं. हात पुढे करण्याआधी बोटं मोजून ठेवावीत; विमावाले विचारतात.